गाडीचा दम नेमका कुठे हरवतो?

खोपोली मागे पडली, की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटाची चढण सुरू होते. सपाटीवर ताशी ऐंशीच्या वेगाने सुखासुखी धावणारी टर्बो डिझेल मोटार याच ठिकाणी एकाएकी जड होते. ॲक्सिलरेटर तळाला टेकतो, इंजिनाचा आवाज वाढतो. पण वेग काही वाढत नाही. चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात यावे लागते आणि ट्रकला ओलांडण्यासाठी बाहेर काढलेली गाडी निम्म्या वाटेवरच दम टाकते. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असतो. माथ्यावर थांबून, इंजिन बंद करून पुन्हा किल्ली फिरवली, की तीच गाडी काही झालेच नाही अशा थाटात धावू लागते. पुढच्या चढणीला मात्र पुन्हा तेच.

ही तक्रार घेऊन मालक गॅरेजात गेला, की पुष्कळदा एकच निदान ऐकू येते, ‘टर्बो गेला.’ नव्या टर्बोचा खर्च अनेक हजारांत आणि मोठ्या गाड्यांत त्याहून पुष्कळ वर जातो. तो बसवला, की चार दिवस गाडी छान ओढते आणि पाचव्या दिवशी दुखणे परत येते. कारण उघड आहे. टर्बो बदलताना त्याला जोडलेल्या सगळ्या नळ्या काढून पुन्हा आवळल्या गेलेल्या असतात. खरा दोष एखाद्या सैल क्लॅम्पमध्ये किंवा चिरलेल्या रबरी नळीत होता आणि तो या खटाटोपात तात्पुरता झाकला गेला. निदान न करता केलेली दुरुस्ती अशी फसवते. म्हणूनच बूस्ट, म्हणजे टर्बोने निर्माण केलेला हवेचा वाढीव दाब, कुठे आणि कसा हरवतो, हे गाडीमालकानेही थोडेफार समजून घेतलेले बरे.

टर्बोची कल्पना शतकाहून जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युकी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट मिळवले. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुराने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, इतकेच तिचे मर्म. विरळ हवेत इंजिनाचा दम कमी पडतो, ही त्या काळातील विमानांची मोठी अडचण होती. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये पाइक्स पीक या चौदा हजार फुटांवरच्या शिखरावर लिबर्टी हे विमानाचे इंजिन नेऊन टर्बोची चाचणी घेतली, ती यासाठीच. प्रवासी मोटारीत टर्बो डिझेल इंजिन आले ते १९७८ च्या मर्सिडीज ३०० एसडीपासून. भारतात कॉमन रेल डिझेल गाड्यांनी तो घरोघरी पोचवला आणि पुढे लहान पेट्रोल इंजिनांनीही त्याला आपलेसे केले.

आजच्या मोटारींतील टर्बोचा दांडा मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेऊ शकतो. त्याच्या एका अंगाला डिझेल गाडीत सातशे-आठशे अंश सेल्सिअसचा धूर आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा असते. दाबताना ही हवाही तापून शंभर अंशांच्या वर जाते, म्हणून ती पुढच्या जाळीमागे बसवलेल्या इंटरकूलरमधून फिरवून थंड करतात आणि मग इंजिनात सोडतात. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या या वाटेवर रबरी नळ्या, प्लास्टिकचे जोड, क्लॅम्प आणि सील यांची मालिका असते. पूर्ण जोर लागल्यावर या मालिकेत वातावरणापेक्षा एक ते दीड बार जास्त दाब असतो. एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरील हवेइतका दाब.

येथेच पहिला घोटाळा होतो. स्कॅनर बहुधा एकूण दाब दाखवतो, तर बूस्ट म्हणताना वातावरणाच्या वरचा दाब अभिप्रेत असतो. स्कॅनरवर २.२ बार दिसले तर मुंबईत बूस्ट आहे १.२ बार. ही वजाबाकी न करता कोणी ‘बूस्ट तर भरपूर आहे’ म्हणतो, तर कोणी नसलेला दोष शोधत बसतो. या गोष्टीचा एक फायदाही आहे. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली, की दाबाच्या सेन्सरने त्या गावच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत सुमारे १००० मिलिबार, पुण्यात ९५० च्या आसपास, महाबळेश्वरला ८६० च्या जवळपास. बंद इंजिनावर पुण्यातल्या गाडीचा सेन्सर ८०० किंवा ११०० सांगत असेल, तर पुढच्या सगळ्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. काही क्षणांची ही तपासणी आहे. ती फार थोड्या ठिकाणी केली जाते.

डॅशबोर्डवर दिवा लागला असेल तर संगणकाच्या स्मृतीत पी ०२९९ हा संकेतांक सापडण्याची शक्यता मोठी असते. त्याचा अर्थ एवढाच, की संगणकाने जितका दाब मागितला होता तितका मिळाला नाही. टर्बो नादुरुस्त आहे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. याच्या शेजारीच पी ०२३४ हा संकेतांक सापडला, तर मात्र कान टवकारावेत; तो दाब प्रमाणाबाहेर वाढल्याचे सांगतो. दाब गरजेपेक्षा कमी आणि जास्तही होत असेल, तर नळी फुटल्याचा संशय मागे पडतो आणि दाबाचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेकडे बोट जाते. दोन्ही प्रसंगी संगणक इंजिनाला जपण्यासाठी इंधन आखडते घेतो. घाटातली गाडी एकाएकी जड होते ती यामुळे आणि किल्ली बंद करून पुन्हा फिरवल्यावर ‘बरी’ होते तीही यामुळेच. संकेतांक नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, फेरे, तापमान हेही स्मृतीत साठवलेले असतात. ते लिहून घेण्याआधीच संकेतांक पुसून टाकणे म्हणजे पंचनाम्यापूर्वी खोली झाडून काढणे होय.

नळ्यांना हात लावण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवायला हवे. बूस्ट कमी म्हणून ताकद कमी आहे, की ताकद कमी म्हणून बूस्ट कमी? टर्बो फिरतो तो धुरातील उष्णतेवर. डिझेलचा फिल्टर तुंबला, रेलमधील दाब मिळेना, इंजेक्टर नीट फवारेनासे झाले, की कमी इंधन जळते, धूर थंडावतो आणि टर्बो मंदावतो. अशा गाडीचा टर्बो बदलून हाती काही लागणार नाही. रेलमधील मागितलेला आणि मिळालेला दाब स्कॅनरवर शेजारी शेजारी पाहिला, की हा संशय फिटतो. आणखी एक फसगत क्लचची. इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी वाढत नाही, तेव्हा दोष टर्बोत नसून झिजलेल्या क्लच प्लेटमध्ये असतो.

यानंतरची पायरी म्हणजे रस्त्यावरची चाचणी. गॅरेजात उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून काहीच कळत नाही, कारण भार नसताना संगणक पूर्ण बूस्ट मागतच नाही. मोकळ्या, शक्यतो चढाच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार फेऱ्यांपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि स्कॅनरवर चार आकडे नोंदवायचे: मागितलेला दाब, मिळालेला दाब, आत येणाऱ्या हवेचे वजन आणि फेरे. स्कॅनरकडे पाहायला दुसरा माणूस हवाच. चालवणाऱ्याने पडद्यावर नजर ठेवू नये.

या चार आकड्यांत जवळजवळ सगळे निदान दडलेले आहे. हवेच्या वाटेवर दोन पहारेकरी असतात. एअर फिल्टरनंतर लगेच बसवलेला सेन्सर आत किती हवा आली ते मोजतो, तर इंजिनाच्या दाराशी, मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या तोंडाशी, बसवलेला सेन्सर तिथला दाब मोजतो. दोघांच्या जबान्या ताडून पाहायच्या. गणित शाळकरी आहे. दीड लिटरचे इंजिन दर दोन फेऱ्यांत दीड लिटर हवा घेते. दोन हजार फेऱ्यांना मिनिटाला हजार वेळा, म्हणजे दीड हजार लिटर. सेकंदाला २५ लिटर. मॅनिफोल्डमध्ये २.२ बार दाब आणि ५० अंश तापमान असेल, तर एक लिटर हवेचे वजन सुमारे २.४ ग्रॅम भरते. सिलिंडर शंभर टक्के भरत नाहीत, त्यामुळे ८५ ते ९० टक्के धरून सेकंदाला ५० ते ५३ ग्रॅम हवा आत यायला हवी.

आता समजा, २.२ बार मागितले असताना १.५ बारच मिळाले. एवढ्या दाबाला, त्याच तापमानात, इंजिन सेकंदाला ३४ ते ३६ ग्रॅमच हवा घेऊ शकते. पण फिल्टरजवळचा सेन्सर मात्र ५० ग्रॅम सांगतो. म्हणजे आत आलेल्या हवेपैकी जवळजवळ एक तृतीयांश दाराशी पोचण्यापूर्वीच कुठेतरी निसटते आहे. टर्बो बिचारा आपले काम करतो आहे; दोष आहे तो पुढच्या नळ्यांत किंवा इंटरकूलरमध्ये. त्याऐवजी सेन्सर ३५ ग्रॅम सांगत असेल, तर दोघांच्या जबान्या जुळतात. हवा गळत नाही, ती पुरेशी दाबलीच जात नाही. मग एअर फिल्टर, टर्बोचे नियंत्रण, धुराची वाट आणि सर्वांत शेवटी खुद्द टर्बो, या क्रमाने पाहायचे. तिसरी शक्यता, सेन्सर २५ ग्रॅमच सांगतो. म्हणजे इंजिनात जे शिरते आहे, त्यातील काही भाग फिल्टरच्या वाटेने आलेलाच नाही. धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे, किंवा फिल्टर आणि टर्बो यांच्यामधली नळी फाटून हवा चोरवाटेने येते आहे, किंवा सेन्सरच धुळीने माखला आहे. हे गणित ग्रॅमपर्यंत अचूक येणार नाही आणि येण्याची गरजही नाही. फरक तीस-चाळीस टक्क्यांचा असेल तेव्हा तो लपत नाही.

गळती शोधायला डोळे आणि बोटे ही पहिली साधने. नळ्यांतून इंजिनाच्या श्वसनातील तेलाचा थोडा अंश वाहत असतो, त्यामुळे जिथून हवा सुटते तिथे तेलकट काळी धूळ बसते. आतून नळीला असलेला हलका तेलकटपणा मात्र स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून टर्बोला दोषी ठरवू नये. चीर बहुधा नळीच्या खालच्या अंगाला, वळणावर किंवा क्लॅम्पच्या कडेला असते आणि इंजिन बंद असताना ती मिटलेली असते. हाताने नळी पिळल्याशिवाय ती दिसत नाही. इंटरकूलर पुढच्या बाजूला असल्याने उडालेल्या खडीचा मारही त्यालाच बसतो. चालकाचे कानही येथे उपयोगी पडतात. जोर लावल्यावर ‘फुस्स’ असा मोठा आवाज येणे आणि मागून काळा धूर निघणे ही गळतीची जुनी लक्षणे आहेत. मात्र नव्या गाड्यांत संगणक हवेच्या मानाने इंधन आवरतो, तेव्हा धूर दिसलाच पाहिजे असे नाही.

एवढ्याने सापडले नाही, तर टर्बोच्या तोंडाशी बूच बसवून कॉम्प्रेसरने नळ्यांत हवा भरतात आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात. पंक्चर काढताना पाहतात तसेच. येथे दाबाला आवर हवा. गाडीच्या नेहमीच्या बूस्टपेक्षा जास्त हवा भरू नये, कारण सैल बसलेले बूच गोळीसारखे उडते. काही गॅरेजांत धूर सोडणारे यंत्र असते. ते सोयीचे खरे, पण त्याचा दाब फारच कमी असतो आणि जोर लागल्यावरच उघडणारी चीर त्याला चुकवते.

जबान्या जुळल्या आणि तरीही दाब कमी असेल, तर नियंत्रणाकडे वळायचे. येथे दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. साध्या टर्बोत जादा धूर बाजूने सोडून देणारी झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. तिच्या जुन्या रचनेत बूस्टचाच दाब नळीवाटे येऊन झडप उघडतो. ही नळी तुटली तर झडप उघडतच नाही आणि दाब कमी होण्याऐवजी प्रमाणाबाहेर वाढतो. बदलत्या पात्यांच्या टर्बोत धुराच्या चक्राभोवती छोट्या पात्यांचे कडे असते. पाती मिटली की धूर वेगाने चक्रावर आदळतो आणि कमी फेऱ्यांतही दाब मिळतो. अनेक डिझेल गाड्यांत ही पाती मिटवण्याचे काम निर्वात पोकळी करते, जिला गॅरेजात नुसते ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. तिची नळी तुटली तर पाती उघडीच राहतात आणि बूस्ट नाहीसा होतो. म्हणजे एकीकडे तुटलेल्या नळीने दाब वाढतो, दुसरीकडे तशाच नळीने तो जातो.

या नळ्या इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन चिरतात. शहरांत दुसरा शत्रू आहे उंदीर. सोसायटीच्या वाहनतळावर आठवडाभर उभी राहिलेली गाडी, विशेषतः पावसाळ्यात, त्यांना आयता निवारा देते आणि कुरतडायला मऊ रबरही. तपासणीसाठी हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप पुरतो. तो महागही नसतो. पंप ॲक्च्युएटरला थेट जोडून हळूहळू ओढले, की दांडी अडखळत न थांबता सरकायला हवी आणि ओढणे थांबवल्यावर तिथेच टिकायला हवी. मागे आली तर आतला पडदा फाटला आहे. टिकली, तर ॲक्च्युएटर निर्दोष. मग संगणकाच्या आज्ञेने व्हॅक्यूम कमी-जास्त करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि इंजिनावरचा व्हॅक्यूम पंप तपासायचा. दांडी झटके देत सरकत असेल, तर पात्यांत काजळी साचली आहे. हे मुख्यतः शहरी दुखणे. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत आणि सिग्नलवरच्या थांब्यांत टर्बोला कधी पुरेसा ताप मिळत नाही आणि पाती एकाच जागी राहून जखडतात. मग एके दिवशी ही गाडी घाटात जाते, पाती मिटतात आणि उघडताना अडकतात; दाब भरमसाट वाढतो आणि संगणक इंधन तोडतो. पी ०२३४ आणि पी ०२९९ शेजारी शेजारी सापडतात ते अशा वेळी. ॲक्च्युएटर विजेवर चालणारा असेल तर ही तपासणी स्कॅनरवरून आज्ञा देऊन करावी लागते.

धुराच्या वाटेची तपासणी त्यामानाने सोपी. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डला तडा गेला असेल तर चक्र फिरवणारा धूर आधीच निसटतो. थंड इंजिनावर ‘टक टक’ आवाज आणि तड्याभोवती काजळी दिसते. टर्बोच्या पुढे वाट तुंबली असेल तर धूर अडतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर सर्रास आला. तो भरला की त्याच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक वाढतो आणि तो स्कॅनरवर थेट वाचता येतो.

एवढे सगळे झाल्यावर टर्बोकडे यावे. सेवन नळी काढून दांडा बोटाने हलवला तर तो आडवा किंचित हलतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. तो तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो आणि इंजिन बंद असताना तेलाचा दाब नसतो. पाते भिंतीला घासल्याच्या खुणा दिसल्या, पात्यांच्या कडा झिजल्या किंवा तुटल्या असल्या किंवा दांडा पुढे-मागे जाणवण्याइतका सरकला, तर मात्र टर्बो खरोखरच संपला. अशा वेळी गाडी तशीच दामटू नये. फुटलेल्या टर्बोतून इंजिनात शिरणारे तेल डिझेल इंजिनाला इंधन म्हणूनच चालते आणि मग किल्ली काढली तरी इंजिन थांबत नाही.

टर्बो संपला तरी प्रश्न उरतोच, की तो का संपला? बहुसंख्य टर्बो तेलाच्या उपासमारीने मरतात. बदलण्यास उशीर झालेले तेल, टर्बोला तेल पोचवणाऱ्या बारीक नळीत साचलेला जळका थर, लांब पळवल्यावर इंजिन लगेच बंद करण्याची सवय, ही त्यामागची कारणे. ती नळी न बदलता नवा टर्बो बसवला, तर तो जुन्याच वाटेने जातो. टर्बोतून तेल गळते म्हणून तो बदलण्याआधी तेल परत नेणारी नळी तुंबलेली नाही ना, हेही पाहावे. तेलाला परतीची वाट नसेल तर धडधाकट टर्बोही गळतो.

पेट्रोल गाड्यांत तत्त्व तेच, पण लक्षणे थोडी वेगळी. थ्रॉटलच्या आधी नळी फाटली, की मोजलेली हवा जोर लावल्यावर बाहेर जाते आणि इंधनाचे प्रमाण जास्त होते. थ्रॉटलनंतर फाटली, तर इंजिन रिकामे फिरताना न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि प्रमाण उलट दिशेने बिघडते. जिथे हवेचे वजन मोजणारा सेन्सरच नसतो आणि संगणक दाबावरून हिशेब करतो, तिथे पहिले लक्षण दिसणार नाही.

दुरुस्ती झाल्यावर संकेतांक पुसून, पात्यांची शिकलेली स्थिती नव्याने नोंदवून, गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच फेऱ्यांपासून चालवून पाहावी लागते. मागितलेल्या आणि मिळालेल्या दाबाच्या रेषा आधीच्या नोंदीशेजारी ठेवल्या, की चढताना क्षणभर मागे राहून मिळालेला दाब मागणीला येऊन भेटतो की नाही, ते दिसते. मालकाने बिलाबरोबर हे दोन आलेख मागून घ्यावेत; ज्या गॅरेजात निदान खरोखर झाले आहे, तिथे ते तयारच असतात.